राजनांदगावची गाडी आणि एका वहीचा हिशेब

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी भंडारा रोड, तुमसर, तिरोडा ही स्थानके मागे टाकीत गोंदियाला येते. पुढे आमगाव, सालेकसा करीत ती दरेकसाच्या डोंगरात शिरते, बोगद्यातून बाहेर पडते आणि डोंगरगडावरून राजनांदगावला पोहोचते. लग्नकार्यासाठी, नोकरीसाठी वा नातलगांच्या भेटीसाठी आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास केला असेल. सन १८९३ मध्ये एकतीस-बत्तीस वर्षांचा एक मराठी कवी याच मार्गाने राजनांदगावकडे निघाला होता. त्या संस्थानात त्याला नोकरी मिळाली होती. कवीचे नाव नारायण वामन टिळक.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. संस्कृत काव्यावरून दोघांचे बोलणे सुरू झाले आणि हळूहळू धर्माकडे वळले. त्या काळी टिळकांच्या मनात स्वतःच एक नवा धर्म स्थापन करण्याचे विचार घोळत होते. गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. टिळकांना ते पुस्तक प्रथमदर्शनी आवडले नव्हते. तथापि दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी ते उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चरित्रकार ही घटना पुष्कळदा सांगतात. आपल्या जिल्ह्याच्या भूमीवरून धावलेल्या त्या गाडीत ख्रिस्ती जीवनातील एका अतिशय जुन्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, हे मात्र माझ्या ध्यानात फार उशिरा आले. माणसाचे तारण कशाने होते? देवाच्या कृपेने, आपल्या श्रद्धेने, की आपल्या सत्कृत्यांनी? टिळकांच्या बाबतीत यांपैकी कोणी काय केले? गाडीत तो प्रवासी भेटावा अशी योजना टिळकांनी केलेली नव्हती. पुस्तकही त्यांनी मागितलेले नव्हते. ते सर्व त्यांना फुकट मिळाले. परंतु शब्द पाळून पुस्तक उघडले ते त्यांच्याच हातांनी.

हा विषय आज हाती घेण्यास एक वही कारण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आजारी पडले. रेल्वेची नोकरी संपवून गावी परतलेले, धानाच्या चार बांध्या स्वतः कसणारे, रविवारची मिस्सा न चुकवणारे. रुग्णाभ्यंग देण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी उशाखालून एक लांबट वही काढली. तीत रेघा मारून रकाने पाडले होते: मिस्सा, जपमाळा, पहिले शुक्रवार, उपवास, दानधर्म. कित्येक वर्षांचे आकडे बारीक अक्षरात भरलेले. मला ते म्हणाले, "फादर, एवढ्यात भागंल का?" मी वही चाळली आणि सहज बोलून गेलो, "काका, भरपूर आहे. काळजी करू नका." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "भरपूर म्हणजे किती?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत कृपेच्या सिद्धान्तावर मी वर्षभर व्याख्याने ऐकली होती, परीक्षेत गुणही बरे मिळाले होते. पण मी मरणाऱ्या माणसाला धीर दिला तो त्याच्या आकड्यांचा. घरी परतताना मला जाणवले की ती वही त्यांनी एकट्याने लिहिलेली नाही. इतक्या वर्षांच्या माझ्या प्रवचनांनीही तिच्यात रकाने पाडले होते.

आपली भाषाही या बाबतीत आपल्याला थोडी फसवते. मराठीत पुण्य 'गाठीशी' बांधायचे असते, त्याचा 'साठा' करायचा असतो, ते 'खर्ची' पडते. शब्द सारे बाजारपेठेतले. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ही शब्दसंपत्तीही बरोबर आली. त्यात गैर काही नाही. मात्र देवाशी असलेले नाते सावकार आणि कुळाचे होऊन बसते, आणि ते तसे झाले आहे हे आपल्या लक्षातही येत नाही.

ख्रिस्तसभेत हा वाद नवा नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा ब्रिटनमधील तपस्वी शिकवू लागला की मनुष्याने मनावर घेतले तर तो स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. ऐकायला ही शिकवण सरळ वाटते. आळशी भाविकांना जागे करण्यासाठी तर फारच सोयीची. संत ऑगस्टीन यांनी तिला कडाडून विरोध केला. स्वतःच्या बळावर आपण किती चालू शकलो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. सन ३८६ मध्ये मिलान येथील बागेत एका बालकाचा स्वर ऐकून त्यांनी पौलाची पत्रे उघडली, तोवर त्यांची सर्व बुद्धिमत्ता त्यांना सोडवू शकली नव्हती. सन ४१८ मध्ये कार्थेज येथील परिषदेने पेलाजियसची मते त्याज्य ठरवली. त्यानंतर शतकभराने, सन ५२९ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथे भरलेल्या परिषदेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. श्रद्धा वाढवणे तर देवाच्या हाती आहेच. पण श्रद्धेचा पहिला अंकुर, श्रद्धा ठेवावी अशी नुसती इच्छा, हीसुद्धा कृपेचीच देणगी होय, असे तिने ठरवले.

मग 'कॅथलिक लोक कृत्यांनी तारण होते असे मानतात' हा समज कुठून आला? सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी आवाज उठवला, तेव्हा पापदंडाची माफी पैशाच्या मोबदल्यात मिळते अशी भावना जर्मनीत खरोखरच फैलावलेली होती. त्यांचा संताप अकारण नव्हता, हे आज आपण मोकळ्या मनाने म्हणू शकतो. मात्र त्या संतापाच्या भरात संत याकोबाच्या पत्राला ते गवताच्या काडीइतकी किंमत देऊन बसले, कारण कृत्यांवाचून श्रद्धा निर्जीव असते असे याकोब बजावतो.

ख्रिस्तसभेने आपले उत्तर ट्रेंटच्या परिषदेत दिले, १३ जानेवारी १५४७ रोजी. ते उत्तर फार थोड्या कॅथलिकांनी वाचलेले असते. त्यात म्हटले आहे की तारणाचा आरंभ देवाच्या कृपेने होतो, आणि ती कृपा आपल्या कोणत्याही पुण्याईशिवाय, आधीच येऊन आपल्याला हाक मारते. नीतिमान ठरवले जाण्यापूर्वी आपण जे काही करतो, श्रद्धा असो वा कृत्य, त्यातले काहीही त्या कृपेची किंमत होऊ शकत नाही. मात्र ती हाक ऐकून मनुष्य दगडासारखा पडून राहत नाही. तो तिला होकार देतो किंवा ती नाकारतो. होकार दिल्यावर कृपा त्याच्यात जी सत्कृत्ये घडवते ती खरोखर त्याची असतात, आणि देव इतका उदार आहे की स्वतःच्याच देणग्यांना तो आपली पुण्याई म्हणून गौरवतो. वहीवाल्या काकांना मी सांगायला हवे होते ते हे. आकडे खोटे नव्हते, पण खाते कोणाचे होते?

ट्रेंटनंतरही प्रश्न मिटला नाही, आणि या वेळी भांडण घरातच जुंपले. कृपा जर इतकी समर्थ आहे, तर माझा होकार खरोखर स्वतंत्र कसा? डोमिनिकन पंथाचे बान्येझ आणि येशूसंघाचे मोलिना यांच्या अनुयायांत हा वाद इतका विकोपास गेला की सन १५९८ पासून रोममध्ये त्यावर सुनावणी सुरू झाली, आणि ती दोन पोपमहोदयांच्या कारकिर्दीत सुमारे नऊ वर्षे चालली. सन १६०७ मध्ये पोप पौल पाचवे यांनी निकाल न देताच ती आटोपती घेतली. दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये एवढी ताकीद मात्र दिली. निर्णय करण्यापूर्वी पोपमहोदयांनी ज्यांचे मत विचारले त्यांत जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स हेही होते. त्यांचा सल्ला असा होता की या वादाचा निवाडा करण्यापेक्षा मिळालेल्या कृपेचा सदुपयोग करावा.

संत फ्रान्सिस द सेल्स हे नाव आपल्याला परके नाही. नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे. त्यांच्या आदर्शाने सन १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ सॅव्हॉय भागातून विशाखापट्टणला उतरले, आणि तेथून मध्य भारतात आले. त्यांच्याच कष्टांतून सन १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत उभा राहिला. या संताची मूर्ती आपण पाहतो ती प्रसन्न, शांत मुद्रेची. परंतु तारुण्यात, पॅरिसला शिकत असताना, सन १५८६-८७ च्या हिवाळ्यात ते सहा आठवडे एका भयंकर विचाराने ग्रासले गेले होते: देवाने मला आधीच नरकासाठी नेमले असेल तर? अन्न जाईना, झोप लागेना. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मारियेच्या काळ्या मूर्तीसमोर गुडघे टेकून त्यांनी ठरवले की पुढे काहीही होवो, या जन्मात तरी मी देवावर प्रेम करीन. त्या क्षणी मनावरचे ओझे उतरले. हिशेब सोडून दिला, आणि देव सापडला.

पुढे सन १६१६ मध्ये त्यांचा देवप्रीतीवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पाकोळीसारख्या एका पक्ष्याचा दृष्टान्त आहे. त्याचे पाय इतके दुबळे की जमिनीवर पडला तर त्याला स्वतःहून उडता येत नाही. वाऱ्याची झुळूक यावी, तिने त्याला किंचित उचलावे, तेव्हाच तो उठतो. पण झुळुकीने उचलल्यावर त्याने पंख हलवले नाहीत तर तो पुन्हा खाली पडतो; हलवले तर वारा त्याला उंच उंच नेतो. संतांच्या मते मनुष्य असाच आहे. ज्या वादाने नऊ वर्षे पंडितांना थकवले, त्याचे यापेक्षा समजण्याजोगे उत्तर माझ्या वाचनात नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने ओवीछंदात, सुमारे ११ हजार ओव्यांत, तारणाची कथा मराठी माणसाच्या कानी घातली. कृपा या शब्दासाठी त्यांना लॅटिनकडे जावे लागले नाही. वारकरी संतांनी तो शब्द आधीच घासूनपुसून लख्ख करून ठेवला होता. देव आधी धाव घेतो, भक्त मागून जागा होतो, हे मराठी मनाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो. त्याचा अर्थ मला इथे लागतो.

पाकोळीचा दृष्टान्त सॅव्हॉयच्या डोंगरातला. आपल्या जिल्ह्याचा दृष्टान्त विचाराल तर तो तलावाचा आहे. नवेगावबांधचा तलाव आपण पाहिला आहे; त्याची निर्मिती परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडली जाते. या कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी गावोगाव बांध घालून तलाव-बोड्या उभ्या केल्या, त्यांच्या पाण्यावर आजही धान पिकतो. पाऊस कोणी पाडला नाही. पाऊस पडेल म्हणून बांध घातला. आकाशाला बांध विकत घेत नाही, आणि बांधावाचून पाणी थांबतही नाही. एके रविवारी मी हा दृष्टान्त दिला तेव्हा एका शेतकऱ्याने मिस्सेनंतर मला गाठून विचारले, "फादर, बांध घालायची अक्कल न् ताकद कोणं दिली?" त्याने मला बरोबर पकडले होते. ऑरेंजच्या परिषदेला जे सांगायला कितीतरी अधिकृत कलमे लागली ते त्याने एका वाक्यात सांगितले.

या तीन गोष्टींचा क्रम चुकला तर काय होते आणि तो जुळला तर काय होते, हे पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंचे जीवन पाहावे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि अत्यंत धर्मनिष्ठ. तीर्थयात्रा, व्रते, दानधर्म यांत त्यांनी आपली सर्व मिळकत वेचली, आणि सन १८७४ च्या सुमारास दुष्काळी दैन्यात रमाबाईंचे आईवडील निवर्तले. हा दोष एका धर्माचा, असे कोणी समजू नये. वही ठेवणारे मन मंदिरातही असते आणि आपल्या चर्चच्या पहिल्या बाकावरही असते. रमाबाई पुढे इंग्लंडला गेल्या. पतित म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या अँग्लिकन भगिनींचे काम त्यांनी फुलहॅम येथे पाहिले. हे प्रेम कुठून आले, या प्रश्नाने त्यांना शोमरोनी स्त्रीच्या कथेपाशी नेले. सन १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे दुसऱ्यांची कृत्ये पाहून त्या श्रद्धेकडे आल्या. परंतु पुढे त्यांनीच आपल्या आत्मनिवेदनात लिहिले की पहिल्या आठ वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या काळात त्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले होते, विधवांसाठी रात्रंदिवस झटत होत्या. कृत्ये भरपूर होती, पण मनाला विसावा नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की तारण ही मिळवायची वस्तू नसून मिळालेली देणगी आहे.

आता चमत्कार पाहा. सारे काही फुकट मिळाले आहे हे कळल्यावर माणूस हातपाय गाळून बसेल असे आपल्याला वाटते. पेलाजियसलाही हीच भीती होती. घडले ते उलटेच. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला भाग तेव्हा त्याच प्रांतात मोडत होता. बालपणी स्वतः उपासमार भोगलेल्या या बाईंनी तिथून सुमारे तीनशे मुली-स्त्रिया बरोबर नेल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. पूर्वी त्या मिळवण्यासाठी झटत होत्या. आता मिळाले म्हणून झटू लागल्या. त्यांची ही भाषा प्रॉटेस्टंट वळणाची आहे हे मी जाणतो. आपण श्रद्धा म्हणतो, ते बंधू विश्वास म्हणतात. पण प्रीतीच्या द्वारे कार्य करणारी श्रद्धा म्हणून संत पौल गलतीकरांना जे लिहितात ते याहून वेगळे काय आहे?

टिळकांची पुढची कथाही अशीच. बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा त्यांच्यापासून दुरावले. पत्नीवर जबरदस्ती करण्याचा अधिकार त्या काळच्या पतीला समाजाने दिलेलाच होता. टिळकांनी तो वापरला नाही. काही वर्षे वाट पाहिली. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी आल्या आणि १९०० साली आपल्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कृपा माणसावर बळजबरी करीत नाही हे ग्रंथात वाचणे वेगळे आणि घरात असे जगून दाखवणे वेगळे. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी निदान या प्रकरणासाठी तरी वाचावीत. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

ल्यूथरनंतर दुभंगलेल्या दोन घरांनी या प्रश्नावर एका कागदावर सही करायला जवळजवळ पाच शतके लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्र स्वीकारले. (त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आम्हाला त्या वर्षी त्याचेच कौतुक अधिक होते.) आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेत देव आपला स्वीकार करतो, आणि तोच पवित्र आत्मा देऊन आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो व त्यांकडे बोलावतो, असा त्याचा आशय आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड परंपरेच्या मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटलेले नाहीत. पण कृपा की कृत्ये, यावरून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी हुज्जत घालण्याचे कारण आता उरलेले नाही.

आठवड्याभराने मी त्या काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी वहीबद्दल काही बोललो नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचला. संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्यालाही मालक पूर्ण मजुरी देतो तो. मग क्रुसावरच्या चोराचा उतारा वाचला. त्याच्यापाशी तर दाखवायला एक रकानाही नव्हता. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आधीच देऊन ठेवलं हाय." मी हो म्हटले. त्यांनी वही उशाखाली सारली नाही, मुलीच्या हाती दिली आणि धाकट्या भावाला बोलावणे पाठवायला सांगितले. दोघा भावांत बांधीच्या धुऱ्यावरून अबोला होता, तो किती वर्षांचा होता हे मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. भाऊ त्याच संध्याकाळी आला. धुरा जिथे तो म्हणेल तिथे घालावा, असे काकांनी मुलांदेखत सांगितले. दोघे हात धरून बसले होते.

नवव्या दिवशी काका देवाघरी गेले. दफनविधीनंतर मुलीने मला ती वही दाखवली. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाने उलटून पाहिली. धुऱ्याची नोंद त्यात कुठेच नव्हती.